शिपाई मरण्याचे नियम

दिवाळीच्या किल्ल्यावर आपण मातीचे मावळे मांडतो, पण त्यांना लढवत नाही. हळीव उगवतात, महाराज सिंहासनावर बसतात, तोफेपाशी गोलंदाज उभा राहतो आणि दिवाळी सरेपर्यंत सगळे तसेच उभे. कोणी मरत नाही, कोणी जिंकत नाही. लहानपणी यात काही विशेष वाटलं नव्हतं. पुढे युरोपातल्या खेळातल्या शिपायांचा इतिहास वाचू लागलो, तेव्हा फरक जाणवला. तिकडे शिपाई मांडले की कोण कसा मरेल याचे नियम करायचे, ही ओढ दोनशे वर्षांची आहे.

सुरुवात प्रशियात झाली. 1812 मध्ये बॅरन फॉन राइसविट्झ याने राजासाठी एक मेजच बनवलं. त्याला सोंगट्या ठेवण्याचे खण होते आणि वर हवा तसा भूप्रदेश जुळवता येत असे. त्याचा मुलगा लष्करी अधिकारी होता. 1824 मध्ये त्याने हा खेळ 1:8000 प्रमाणाच्या नकाशावर आणला. लाल आणि निळे ठोकळे म्हणजे पलटणी. किती माणसं पडली ते फासे ठरवणार आणि वाद मिटवायला पंच. जनरल स्टाफचा प्रमुख म्युफलिंग आधी नाखुशीनेच पाहायला बसला आणि शेवटी म्हणाला, हा खेळ नव्हे, हे युद्धाचं शिक्षण आहे. खेळ सैन्यात गेला. धाकटा राइसविट्झ मात्र बर्लिनबाहेर तोरगावला बदलला गेला आणि 1827 मध्ये त्याने आत्महत्या केली.

घराघरांतला खेळ व्हायला आणखी एक गोष्ट लागली: स्वस्त शिपाई. जर्मन शिपाई एक तर चपटे पत्र्यासारखे, नाहीतर भरीव आणि महाग. 1893 मध्ये लंडनच्या विल्यम ब्रिटन कंपनीने पोकळ ओतकाम सुरू केलं. शिशाच्या मिश्रधातूचा रस साच्यात ओतायचा आणि बाहेरचा थर गोठला की आतला रस परत ओतून घ्यायचा. धातू वाचला, वजन घटलं, किंमत उतरली. सुमारे 54 मिलिमीटर उंचीचे हे शिपाई मध्यमवर्गीय पोरांच्या हाती आले. याच कंपनीने स्प्रिंगची छोटी तोफही काढली. ती लाकडाची बारीक नळकांडी नेमकी फेकत असे.

या तोफेनेच एच. जी. वेल्स फशी पडला. आपल्याला तो कालयंत्राचा आणि अदृश्य माणसाचा लेखक म्हणून ठाऊक आहे. सँडगेटच्या घरी जेवणानंतर एका स्नेह्याने (हा जेरोम के. जेरोम, असं सामान्यतः मानतात) जमिनीवर बसून शिपायांवर तोफ डागली आणि मोठी माणसं त्यातच रमली. मग घरं, झाडं, टेकड्या आल्या. पायदळ एका चालीत एक फूट जाणार, घोडेस्वार दोन फूट. सुरुवातीची मांडणी शत्रूला दिसू नये म्हणून मधोमध पडदा. चालीला वेळेची मर्यादा, नाहीतर एकेक सेनापती तासभर विचार करत बसणार! 1913 मध्ये हे नियम ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात आले.

वेल्सला या खेळाचा जनक म्हणण्याची प्रथा आहे. मला ती पटत नाही. स्टीव्हन्सन 1880च्या दशकारंभी दावोसला सावत्र मुलाबरोबर असलेच डाव मांडत होता. वेल्सचं खरं काम वेगळं: त्याने पंच काढला आणि गोळाबारीतून फासेही काढले. तोफेच्या नेमाने जो शिपाई पडला तो मेला. हातघाईत साधा हिशेब, बरोबरीचे बरोबरीच्यांना घेऊन पडणार. दुकानातला डबा आणि घरातली फरशी असली की कोणालाही खेळता यावं, इतकं सोपं.

पण पुस्तकाच्या शेवटी वेल्स गंभीर होतो. त्याचं म्हणणं असं, की हा खेळ तीन-चारदा खेळलात तरी कळेल, खरं युद्ध किती आंधळं आणि गोंधळाचं असतं. ज्यांना लढायची खाज आहे त्यांना एका खोलीत शिपाई देऊन कोंडा. बाकीच्यांना जगू द्या. वर्षभरातच, ऑगस्ट 1914 मध्ये, महायुद्ध पेटलं आणि हाच माणूस ‘युद्ध संपवणारं युद्ध’ म्हणून त्याची तरफदारी करू लागला. 1918 मध्ये तो सरकारच्या प्रचारखात्यात होता. त्याला ढोंगी म्हणणं सोपं आहे. मला वाटतं, आपल्या खेळावर त्याचा खरोखर विश्वास होता, फक्त खेळाच्या ताकदीचा अंदाज चुकला.

चुकला तो उलट दिशेनेही. मोठं युद्ध पाहिलेला माणूस छोट्याकडे फिरकणार नाही, असं आपल्याला वाटेल. पण दुसऱ्या महायुद्धानंतर इंग्लंडात हा छंद पुन्हा उभा केला तो रणांगणावरून परतलेल्यांनीच. पीटर यंग कमांडो दलाचा ब्रिगेडियर. डोनाल्ड फेदरस्टोन रणगाडा दलात लढलेला, नंतर साउथॅम्प्टनला फिजिओथेरपिस्ट. 1962 मध्ये त्याचं ‘वॉर गेम्स’ आलं आणि गावोगावच्या छांदिष्टांना एकमेकांचा पत्ता लागला. पुढच्या दशकात याच मंडळींच्या अमेरिकन शाखेतून ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ निघालं, 1983 मध्ये इंग्लंडात ‘वॉरहॅमर’. शिसं 1960च्या दशकात खेळण्यांतून हद्दपार झालं. आज लोक घरच्या यंत्रावर राळेचे शिपाई छापतात, हाताने रंगवतात.

फेदरस्टोनने वेल्सची तोफ घेतली नाही. रंगवायला कित्येक संध्याकाळी गेलेल्या शिपायावर लाकडी गोळी कोण मारणार? त्याच्या मेजावर मरण पुन्हा फाशांनी ठरू लागलं. पंच मात्र परत आला नाही.