जाऊन येणे : सोलापूरकराच्या दोन दिवसांच्या मुंबईविषयी

मराठी माणूस घरातून निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. चुकून ‘जातो’ म्हटलेच, तर घरातले वडीलधारे माणूस लगेच दुरुस्ती करते : जातो म्हणू नये, येतो म्हणावे. यामागचा अशुभाचा संकेत आपल्याला ठाऊक आहे. पण या संकेतात प्रवासाविषयीची एक ऐतिहासिक समजूतही दडली आहे. परत येणे गृहीत धरता येत नव्हते, म्हणून ते शब्दात बांधून घ्यावे लागत होते. आज सोलापुरातल्या मध्यमवर्गीय घरात शनिवार-रविवार मुंबईला जाऊन येण्याचा बेत आखला जातो, तेव्हा परत येण्याविषयी कोणाच्याच मनात शंका नसते. शंका असते ती आरक्षण पक्के होईल की नाही, एवढीच.

हा बेत बहुतेक घरांत एकाच साच्याचा असतो. शुक्रवारी रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेस, शनिवारी सकाळी मुंबई, डोंबिवलीच्या किंवा ठाण्याच्या नातेवाइकाकडे आंघोळ आणि चहा, त्यांच्यासाठी पिशवीतून नेलेली कडक भाकरी आणि शेंगाची चटणी, दिवसभर गेटवे आणि म्युझियम, रविवारी खरेदी किंवा कोणाचे लग्न, रात्री पुन्हा सिद्धेश्वर. सोमवारी उजाडता सोलापूर. दोन रात्री गाडीत काढल्या की हॉटेलचा खर्च एका रात्रीवर येतो, आणि नातेवाईक उदार असला तर शून्यावर. ग्रामदैवताच्या नावाची ही गाडी म्हणजे सोलापूरकराची फिरती धर्मशाळा आहे. हा बेत इतका अंगवळणी पडला आहे की तो पूर्वापार चालत आला असावा असे वाटते. प्रत्यक्षात तो फार अलीकडचा आहे. गाडी, सुट्टी आणि जाण्याची मोकळीक या तीन वेगवेगळ्या गोष्टी तीन वेगवेगळ्या काळी आल्या आणि त्यांची गाठ फार उशिरा पडली, म्हणून तो शक्य झाला. त्यातही सगळ्यांसाठी नाही.

गाडी सर्वांत आधी आली. १८५३ साली बोरीबंदर ते ठाणे आगगाडी धावली, १८५६मध्ये लोहमार्ग खोपोलीला पोहोचला, १८५८मध्ये खंडाळा ते पुणे हा घाटावरचा भाग सुरू झाला आणि तिथून पुढे टप्प्याटप्प्याने तो १८६०च्या जूनमध्ये सोलापूरला येऊन टेकला. मात्र मधला बोरघाट तेव्हा तयार नव्हता. म्हणजे १८६० ते १८६३ या काळात सोलापूरहून निघालेला उतारू खंडाळ्याला गाडीतून उतरत असे, घाट पालखीतून, तट्टावरून किंवा पायी उतरत असे आणि खाली पुन्हा गाडीत बसत असे. एकाच प्रवासात दोन शतके, असे या तीन वर्षांचे वर्णन करावेसे वाटते. घाटाच्या कामावर १८६१च्या सुमारास चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९मध्ये भारतात आल्यावर थोड्याच दिवसांत मरण पावला आणि त्याच्या पश्चात ॲलिस ट्रेडवेल या त्याच्या पत्नीने ते कंत्राट पुरे केले. तिचे नाव आज आपल्याला ठाऊक आहे, मजुरांची नाहीत. पटकी, ताप आणि सुरुंग यांनी त्यांतले हजारो गेले. ते ‘येतो’ म्हणूनच निघाले असणार.

१८६३ साली घाट खुला झाला. गोविंद नारायण माडगांवकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ प्रसिद्ध झाले तेही त्याच वर्षी. हा योगायोग असेल, पण साहित्याच्या अभ्यासकाने तो नुसता नोंदवून सोडू नये. शहरातले तलाव, बाजार, देवळे, जाती आणि धंदे यांची पानेच्या पाने माहिती देणारे असे पुस्तक ज्या वर्षी मराठीत येते, त्याच वर्षी देशावरच्या वाचकाला ते शहर सलग गाडीने गाठता येऊ लागते. शहर वाचण्याची वस्तू होणे आणि पाहण्याची वस्तू होणे या घटना जोडीने घडल्या. पूर्वी बैलगाडीने दिवसाला दहा कोस धरले, तर सोलापूरहून मुंबईला पंधरवडा लागला असता. पंधरवड्याच्या प्रवासाला माणूस ‘बघायला’ जात नाही. तो पोटासाठी जातो, फिर्यादीसाठी जातो, नाहीतर काशी-रामेश्वराला जाताना वाटेत थांबतो.

येथे एक गोष्ट ओझरती सांगायला हवी. सोलापूरचे ‘मोठे शहर’ मुंबईच असते असे नाही. १८७१मध्ये हा मार्ग रायचूरला जाऊन मद्रासच्या मार्गाला मिळाला, १८७४मध्ये वाडीहून निजामाची रेल्वे सिकंदराबादला गेली, आणि पूर्व भागातल्या तेलुगू पद्मशाली विणकर घरांना सासर-माहेर जोडणारा तो रस्ता मिळाला. त्या घरांत ‘शहराला जाऊन येऊ’ असे म्हटले तर हैदराबाद समजायचे. मराठी वाङ्मयेतिहासात सोलापूरचे तोंड नेहमी पश्चिमेकडेच वळलेले दिसते, हा आपल्या इतिहासकारांचा दोष आहे. सोलापूरचा नव्हे.

गाडी आली तरी सुट्टी आली नव्हती, आणि बेताचा खरा गाभा सुट्टी हाच आहे. आपल्याकडे आठवडा होता, वार होते, पण वारांचा संबंध विश्रांतीपेक्षा उपासाशी आणि बाजाराशी अधिक होता. सोलापूरच्या पेठांची नावेच पाहावीत : मंगळवार पेठ, शुक्रवार पेठ. वार हा देण्याघेण्याचा दिवस, रिकामा दिवस नव्हे. मोकळीक मिळे ती सणाला आणि जत्रेला. संक्रांतीला सिद्धेश्वराची यात्रा भरे तेव्हा शहरच थांबे आणि आसपासची गावे शहरात येत. त्या दिवसांत सोलापूरकराने बाहेरगावी जाण्याचा बेत करणे हा जवळजवळ अधर्मच ठरला असता.

ठरावीक अंतराने येणारी, देवाशी बांधलेली नसणारी सुट्टी हे गिरणीचे अपत्य आहे. सोलापुरात ‘जुनी गिरणी’ १८७७ साली सुरू झाली आणि भोंग्याने लोकांचा दिवस बांधला. दिवस बांधला गेला, पण आठवडा सुटा होत नव्हता. तो सुटावा म्हणून मुंबईत लढा झाला. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४पासून गिरणी कामगारांना संघटित करून साप्ताहिक सुट्टीची मागणी लावून धरली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगारांची सभा झाली. त्या सभेत दोन स्त्री कामगारही बोलल्या होत्या, हे मुद्दाम लक्षात ठेवावे. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि १८९१च्या कारखाना कायद्याने साप्ताहिक सुट्टीला कायद्याचा आधार दिला. रविवार हा खंडोबाचा वार आहे, म्हणून तो आमचाही आहे, असा युक्तिवाद लोखंडे यांनी केल्याचे सांगतात. सोलापूरकराला तो पटवून द्यावा लागणार नाही. मार्गशीर्षात बाळ्याच्या खंडोबाची यात्रा रविवारीच भरते.

इंग्लंडमध्ये ही गोष्ट वेगळ्या क्रमाने घडली. तिथे १८५०च्या कायद्याने कापड गिरण्यांत शनिवारी दुपारी दोनला काम थांबवणे भाग पडले. थॉमस कुकने १८४१मध्येच लेस्टरहून लफबरोपर्यंत सुमारे पाचशे माणसे एका शिलिंगात गाडीने नेऊन आणली होती, आणि तीही मद्यपानबंदीच्या सभेसाठी! ‘वीकएंड’ हा शब्द इंग्रजी नियतकालिकात १८७९मध्ये अर्थ समजावून सांगत छापला गेला, म्हणजे तिथेही तो नवाच होता. पण अर्धा शनिवार, स्वस्त गाडी आणि शब्द ही तिन्ही तिथे एका पिढीच्या आत एकत्र आली. आपल्याकडे गाडी १८६०ची, रविवार १८९०चा आणि शनिवार? केंद्र सरकारच्या कार्यालयांना पाच दिवसांचा आठवडा १९८५मध्ये मिळाला, महाराष्ट्र शासनाच्या कर्मचाऱ्यांना २९ फेब्रुवारी २०२०पासून. मराठीत ‘वीकएंड’ला स्वतःचा शब्द नाही, आपण नुसते ‘शनिवार-रविवार’ म्हणतो. यात भाषेचे दारिद्र्य शोधण्याचे कारण नाही. वस्तूच नव्हती, तर शब्द कशाला घडेल?

ज्यांना नगावर मजुरी मिळते त्यांच्यासाठी ती वस्तू आजही नाही. हजार विड्यांच्या हिशोबाने घरी विड्या वळणाऱ्या सोलापुरातल्या बाईला रविवार ही सुट्टी नसते. त्या दिवशी जितके हात थांबतील तितके पैसे कमी.

आता तिसरी गोष्ट, मोकळीक. सोलापुरात रिक्षावाल्याला ‘सेटलमेंट’ म्हटले की तो विचारत नाही, नेऊन सोडतो. त्या नावाचा अर्थ मात्र आता फारसे कोणी सांगत नाही. ‘गुन्हेगार जमाती’ म्हणून ठरवलेल्या कैकाडी, पारधी, भामटा अशा समाजांच्या कुटुंबांना विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात येथे तारेच्या कुंपणात ठेवले होते. त्यांतली माणसे गिरण्यांत कामाला जात, भोंगा त्यांनाही लागू होता, रविवारही कागदोपत्री लागू असेल. पण हजेरी रोज द्यावी लागे आणि परवाना घेतल्याशिवाय गाव सोडता येत नसे. काही मैलांवर स्टेशन, हातात मजुरीचे पैसे, समोर मुंबईची गाडी, आणि तरीही बेत करता येत नाही, अशी ही स्थिती होती. बेत करणे म्हणजे पुढचे दोन दिवस आपले आहेत असे मानणे. ज्याचे दिवस दुसऱ्याच्या हजेरीपटावर लिहिले आहेत, त्याला ते मानता येत नाही. तो कायदा १९५२मध्ये रद्द झाला. म्हणजे शहराचा एक हिस्सा रेल्वे आल्यानंतर ब्याण्णव वर्षांनी आपल्या इच्छेने फलाटावर उभा राहू शकला.

पायी चालणाऱ्यांचा विचारही याच संदर्भात करायला हवा. १९३०च्या दशकाच्या आरंभी अण्णाभाऊ साठे लहान वयात वडिलांबरोबर वाटेगावहून चालत मुंबईला आले. बोरघाट खुला होऊन तेव्हा जवळजवळ सत्तर वर्षे झाली होती. रेल्वेने अंतर मिटवले असे आपण सरसकट लिहितो, पण अंतर तिकिटाएवढेच मिटते.

येथे साहित्याचा प्रश्न उभा राहतो आणि माझ्या मते तो गंभीर आहे. मराठीतली मुंबई प्रामुख्याने जाऊन राहिलेल्यांची मुंबई आहे. अण्णाभाऊंची ‘माझी मैना’ घ्या, नारायण सुर्व्यांची कविता घ्या, जयंत पवारांचे ‘अधांतर’ घ्या : माणूस शहरात आला आहे किंवा तिथेच जन्मला आहे, आणि मागे सुटलेले गाव किंवा हातून निसटणारे शहर हा त्याचा प्रश्न आहे. जाऊन परत आलेला माणूस या साहित्यात क्वचित दिसतो, आणि दिसला तर विनोदापुरता : लोकलच्या दाराशी गोंधळलेला, बोचके सांभाळणारा गावाकडचा पाहुणा. त्याच्या नजरेतून मुंबई कोणी फारशी लिहिली नाही. कारण उघड आहे. दोन दिवसांत शोकांतिका घडत नाही, आणि आपल्या समीक्षेला शहर म्हटले की शोकांतिका हवी असते. पण हाच माणूस शहराची खबर गावात आणतो. साडीचा नवा काठ, नाटकातला नवा संवाद, मुलाने शिकावा असा नवा अभ्यासक्रम आणि आपल्या गावाविषयीची नवी लाज, हे सारे त्याच्या परतीच्या पिशवीतून आले आहे. सोलापूरच्या आधुनिकतेचा इतिहास लिहायचा तर सिद्धेश्वर एक्स्प्रेसचे परतीचे उतारू हा त्याचा मोठा दस्तऐवज ठरेल. तो कोणत्याही ग्रंथालयात नाही.

पुण्याचा बेत एका दिवसाचा असतो. सकाळी निघून संध्याकाळी परतीला लागणाऱ्या गाडीचे नाव हुतात्मा एक्स्प्रेस. १९३०च्या मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि त्या प्रकरणात मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी पुण्याच्या येरवडा तुरुंगात फाशी देण्यात आले. त्यांच्या स्मरणार्थ नाव दिलेली गाडी सोलापूर ते पुणे हाच प्रवास करते आणि रात्री परत येते. रोजच्या वापरात त्या नावाचे लिंगही बदलले आहे. ‘हुतात्मा गेली’, ‘हुतात्मा लेट आहे’, ‘हुतात्माने या, स्वस्त पडते’. यावर कोणी हळहळतात. मला तसे वाटत नाही. चार पुतळ्यांच्या चौकात वर्षातून एकदा हार घातला जातो, हे नाव दिवसातून शेकडो वेळा उच्चारले जाते.

१० फेब्रुवारी २०२३पासून मुंबईला वंदे भारतही जाऊ लागली. सुरू झाली तेव्हाच्या वेळापत्रकात ती सकाळी सहाच्या सुमारास सोलापूर सोडून साडेबाराच्या आसपास मुंबईत पोहोचे आणि चारनंतर परत फिरे. एका दिवसात जाऊन यायचे म्हटले तर मुंबईला साडेतीन तास मिळत, एवढ्यात मंत्रालयातले एखादे काम होते किंवा होत नाही. चार माणसांच्या घराने दोन्हींचे भाडे मांडून पाहिले की बेत बहुधा पुन्हा सिद्धेश्वरवर येतो, कारण दिवसाच्या गाडीने वेळ वाचतो, पण रात्रीच्या मुक्कामाचा प्रश्न सुटत नाही.

सोमवारी पहाटे ती गाडी सोलापूरच्या फलाटाला लागते. झोपेतले पोर खांद्यावर घेतलेले, चुरगळलेल्या कपड्यांतले लोक जिना चढतात. रिक्षात बसल्यावर बाई घड्याळ पाहतात आणि शाळेची वेळ गाठता येईल का, याचा हिशोब करू लागतात. भाकरीच्या रिकाम्या पिशवीत आता दादरहून घेतलेले काहीतरी असते.