लेप, मलम आणि जेल

गुडघा दुखूं लागला कीं घरांतील वडीलधारीं माणसें प्रथम कांहींतरी चोळावयास सांगतात. आपण डबीवर औषधाचें नांव आणि टक्केवारी तेवढी पाहतों. तें औषध कशांत कालविलें आहे, हें सहसा कोणी पाहत नाहीं. पोटांत घ्यावयाच्या औषधास वैद्य अनुपान सांगतो. अंगास लावावयाच्या औषधासही असेंच अनुपान असतें, आणि गुण येणें न येणें पुष्कळदां त्यावरच अवलंबून राहतें. हें माणसास कसकसें उमगत गेलें, त्याची ही हकीकत आहे.

सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांत लेपाविषयीं दोन मार्मिक सूचना आहेत. लेप केसांच्या उलट दिशेनें लावावा, म्हणजे औषध रोमकूपांतून आंत शिरतें, ही पहिली. सुकलेला लेप एरवीं अंगावर राहूं देऊं नये, कारण तो निरुपयोगी असून उलट पीडाच देतो, ही दुसरी.

पुढें युरोपांत शतकानुशतकें मेण, तेल व चरबी यांचीं मलमें चाललीं. 1872 सालीं अमेरिकेंत चेसब्रो यांनीं व्हॅसलिनचें पेटंट घेतलें, आणि न खवटणारें मलम औषधविक्रेत्यांच्या हातीं आलें. आपल्याकडे 1893 सालीं मुंबईंत नागेश्वरराव यांनीं अमृतांजन काढलें. बाम लावतांच थंडावा वाटतो; परंतु थंडावा वाटला म्हणजे वेदनाशामक द्रव्य सांध्यापर्यंत पोहोंचलें, असें मात्र नव्हे.

अडचण कातडीचीच आहे. तिचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा असून बहुतेक ठिकाणीं तो मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाएवढा किंवा त्याहूनही पातळ असतो. पेशी या विटा आणि मधलीं स्निग्ध द्रव्यें हा चुना, अशी ही भिंत आहे. अॅडॉल्फ फिक यांनीं 1855 सालीं दाखविलें कीं, द्रव्य दाट भागाकडून विरळ भागाकडे पसरतें. 1960 च्या सुमारास विस्कॉन्सिन विद्यापीठांतील ताकेरू हिगुची यांनीं मलमांचें गणित मांडलें. त्याचा मथितार्थ असा कीं, औषध ज्या द्रव्यांत फार सुखानें विरघळतें, तें सोडून कातडींत शिरण्याची त्याची ओढ कमी असते. नुसतें औषधाचें प्रमाण वाढवून भागत नाहीं.

जेलचें मर्म येथेंच आहे. पाणी व मद्यार्क यांस दाटपणा आणून तें बनवितात. चोळल्यावर मद्यार्क उडतो, उरलेल्या द्रवांत औषध दाटतें आणि आंत शिरण्याची त्याची ओढ वाढते. परंतु सर्वच द्रव उडाला, तर औषधाचे स्फटिक बनून ते कातडीवरच पडून राहतात. म्हणून त्यांत सहज न उडणारें प्रॉपिलीन ग्लायकॉल घालतात. सुश्रुतास हें रसायन ठाऊक नव्हतें. तथापि सुकलेल्या लेपाविषयींचें त्याचें निरीक्षण येथें आठवल्यावांचून राहत नाहीं.

2015 सालीं प्रसिद्ध झालेल्या कॉक्रेन समीक्षेंत याचा पडताळा मिळतो. मुरगळणें, लचकणें अशा ताज्या दुखण्यांत डायक्लोफेनॅकच्या एका जेलनें 100 पैकीं सुमारे 78 जणांस चांगला आराम पडला. औषधविरहित जेल लावणाऱ्यांत ही संख्या सुमारे 20 होती. तेंच डायक्लोफेनॅक चिकटपट्टींतून दिलें असतां हा फरक पुष्कळ कमी दिसला. औषध एकच, वाहन निराळें.

याचा लाभ मोठा आहे. गुडघ्यास लावलेल्या डायक्लोफेनॅक जेलमुळें रक्तांत जाणारें औषध गोळीच्या मानानें सुमारे 6 टक्केच असतें, त्यामुळें पोटावरील भार हलका होतो. परंतु बाहेरून लावलेलें तें निरुपद्रवी, हा समज खरा नव्हे. जेल लावून वर घट्ट पट्टी बांधली, शेक दिला, किंवा खरचटलेल्या जागीं तें चोळलें, तर भिंतच मोडते आणि नको तेवढें औषध आंत जातें. यासाठीं डबीवरील नांवाबरोबर लावण्याची रीतही वाचावी. ती रीत हाच औषधाचा अर्धा भाग आहे.