शरणपूर रोड ते मोंबासा

आज जगातल्या दर दहा ख्रिश्चनांपैकी साधारण तीन जण सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत राहतात. युरोप कधीच मागे पडला. १९०० साली अख्ख्या आफ्रिकेत मिळून ते सुमारे एक कोटी होते! हे कोणी केलं म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर गोरा मिशनरी येतो. मला हे चित्र अर्धवट वाटतं.

आपल्या नाशिकचंच बघा ना. १८६०च्या दशकात शरणपूरच्या मिशनमध्ये आफ्रिकन मुलं शिकत होती. गुलाम नेणारी अरबी गलबतं ब्रिटिश आरमार पकडायचं, सुटलेली मुलं मुंबईला आणायचं. त्यातली काही नाशिकला पोचली. तिथे लिहिणं-वाचणं, सुतारकाम, लोहारकाम आणि अर्थात बायबल.

१८६४ साली यातले विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर मोंबासाजवळच्या रबाईला कामाला गेले. नाशिकमध्येच शिकलेला जेकब वेनराइट १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन वारला तेव्हा त्याच्या सोबत्यांत होता. झाडावर त्याचं नाव त्यानेच कोरलं, आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीत शवपेटीला खांदाही दिला. १८७५ मध्ये मोंबासाला मुक्त गुलामांसाठी फ्रिअरटाउन वसलं. नाव मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांचं, पण वस्ती उभी करायला हात हवे होते ते या 'बॉम्बे आफ्रिकन' मंडळींचे. १८८५ मध्ये जोन्स आणि सेमलर डीकन झाले.

तिकडे पश्चिमेला सॅम्युएल क्राउदर. स्वतः सुटका झालेला गुलाम, १८६४ मध्ये बिशप झाला, योरुबा बायबलच्या भाषांतरात त्याचा मोठा वाटा. पण १८९० मध्ये तरुण गोऱ्या मिशनऱ्यांनी त्याचे अधिकार काढून घेतले. १८९१ मध्ये तो गेल्यावर त्याच्या जागी गोरा बिशप आला. म्हणजे काम यांनी करायचं आणि खुर्ची त्यांची! याच रागातून आफ्रिकन लोकांनी स्वतःची चर्च काढली, आपल्या भाषेत, आपल्या ढोलावर.

आता चक्र उलटं फिरलंय. १९५२ साली लागोसला सुरू झालेल्या रिडीम्ड चर्चच्या शाखा आज लंडन-अमेरिकेत आहेत. धर्म पटो न पटो, तो कोणी पसरवला याची नोंद तरी नीट हवी. गव्हर्नरचं नाव गावाला मिळालं. सेमलरचं आपल्यापैकी किती जणांनी ऐकलंय?