वाइन : नाव एकाचे, अंमल दुसऱ्याचा

बुलढाणा जिल्हा ज्या वऱ्हाडात मोडतो, त्या वऱ्हाडाचा कारभार १८५३ च्या तहाने इंग्रजांकडे आला; सार्वभौमत्व मात्र नावाने निजामाचेच राहिले. नाव एकाचे व अंमल दुसऱ्याचा, असा हा प्रकार होता. संगणकाच्या इतिहासात ‘वाइन’ या प्रणालीची रचना याच स्वरूपाची दिसते. तिच्यात कार्यक्रम विंडोजच्या नावाने मागणी करतो. ती पुरवितो लिनक्स.

विंडोजसाठी रचलेले कार्यक्रम लिनक्सवर चालावेत, या हेतूने १९९३ साली वाइनचा आरंभ झाला. १९९४ पासून तिची धुरा आलेक्झांद्र ज्युलियार यांनी वाहिली. तरीही १.० ही आवृत्ती निघण्यास २००८ साल उजाडले. या विलंबाचे कारण कार्यपद्धतीत आहे. वाइन संपूर्ण यंत्राची नक्कल करीत नाही. खिडकी उघडणे, फाइल वाचणे यांसारख्या मागण्या स्वीकारून ती लिनक्सकरवी पूर्ण करविते. विंडोजची मूळ संहिता खुली नसल्याने, अशा असंख्य मागण्यांची उत्तरे जाहीर माहिती व प्रत्यक्ष वर्तन यांवरून नव्याने रचावी लागली.

मराठीच्या दृष्टीने हा विषय गौण नव्हे. युनिकोड रूढ होण्यापूर्वी पुष्कळ मराठी मजकूर विशिष्ट फॉन्टच्या संकेतांत, विंडोजवरील कार्यक्रमांच्या साहाय्याने जुळविला गेला. ते फॉन्ट व ते कार्यक्रम नसतील, तर फाइल शाबूत असूनही अक्षरे निरर्थक ठरतात. वाइनमध्ये प्रत्येक जुना कार्यक्रम चालेलच असे नाही; तथापि जो चालेल, त्यातील मजकूर युनिकोडात आणण्यास अवधी मिळतो. वाइनचे ऐतिहासिक मोल यातच आहे.