गिधाडांचा ऱ्हास : एक अंडे आणि विषारी अन्न

भारतीय उपखंडातील गिधाडांची संख्या १९९० च्या दशकात ज्या वेगाने घटली, तसा वेग पक्ष्यांच्या बाबतीत क्वचितच नोंदला गेला आहे. त्याआधी गावाबाहेर जनावर टाकले की आकाशात गिधाडे घिरट्या घालू लागत, हे सर्वत्र दिसणारे दृश्य होते. १९८० च्या दशकात देशात सुमारे चार कोटी गिधाडे असावीत, असा अंदाज केला जातो. १९९२ ते २००७ या काळातील गणनांनुसार पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या ९९.९ टक्क्यांनी, तर लांब चोचीच्या व बारीक चोचीच्या गिधाडांची मिळून सुमारे ९७ टक्क्यांनी कमी झाली.

या ऱ्हासाचे मूळ समजण्यासाठी प्रथम गिधाडाचे प्रजनन पाहावे लागते. गिधाड प्रजननक्षम होण्यास साधारण पाच वर्षे लागतात. त्यानंतर जोडी वर्षाला एकच अंडे घालते. नर व मादी दोघेही ते उबवतात आणि पिल्लू घरट्यातून उडण्यास आणखी तीन महिन्यांहून अधिक काळ जातो. प्रत्येक पिल्लू जगतेच असे नाही. तरीही ही जात टिकून होती, कारण प्रौढ गिधाड दीर्घायुषी असते आणि नैसर्गिक परिस्थितीत प्रौढांचा मृत्युदर फार कमी असतो. उंदीर किंवा कुत्रा यांची हानी एकदोन विणींत भरून निघते. गिधाडांची तशी निघत नाही.

अन्नाची टंचाई मात्र नव्हती. पशुधन अफाट आणि मेलेली गुरे गावाबाहेर टाकण्याची प्रथा जुनी, त्यामुळे भारत हा गिधाडांसाठी संपन्न प्रदेश होता. म्हणूनच राजस्थानातील भरतपूरच्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात डॉ. विभू प्रकाश यांना गिधाडे मरताना आढळली, तेव्हा प्रारंभी एखाद्या साथीच्या रोगाचा संशय घेण्यात आला. खरे कारण २००४ मध्ये पाकिस्तानातील संशोधनातून पुढे आले. गुरांना वेदनाशामक म्हणून देण्यात येणारे डायक्लोफेनॅक हे औषध मृत जनावराच्या मांसात राहते आणि ते खाल्लेल्या गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होऊन काही दिवसांतच मृत्यू ओढवतो. जे अन्न विपुल होते, तेच घातक ठरले.

येथे एक हिशेब लक्षात घेण्याजोगा आहे. शेकडा एकाहूनही कमी मृत जनावरांत या औषधाचे प्राणघातक प्रमाण असले, तरी एवढा ऱ्हास घडू शकतो, असे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. गिधाडे थव्याने खातात. एका जनावरावर अनेक पक्षी दगावतात आणि वर्षाला एका अंड्याच्या गतीने ती तूट भरत नाही. प्रत्यक्षात बंदीपूर्वी भारतात तपासलेल्या मृत गुरांपैकी सुमारे १० टक्के गुरांत डायक्लोफेनॅकचे अंश आढळले होते.

गिधाडे गेली, पण मांस पडून राहिले. ते भटक्या कुत्र्यांच्या वाट्याला आले आणि रेबीजचा धोका वाढला. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अर्थशास्त्रीय अभ्यासानुसार २००० ते २००५ या काळात या ऱ्हासामुळे भारतात सुमारे पाच लाख अतिरिक्त मानवी मृत्यू झाले. मुंबईतील पारशी समाजाला मलबार हिलवरील दोखम्यांत सूर्यकिरण एकवटणारी उपकरणे बसवावी लागली.

भारत सरकारने २००६ मध्ये डायक्लोफेनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. मेलॉक्सिकॅम हा सुरक्षित पर्याय उपलब्ध होता. तथापि माणसांसाठीच्या मोठ्या कुप्या गुरांसाठी सर्रास वापरल्या जात राहिल्या, म्हणून २०१५ मध्ये कुपीचा आकार तीन मिलिलिटरपर्यंत मर्यादित करण्यात आला. ही पळवाट बुजवण्यास नऊ वर्षे लागली, ही बाब खेदजनकच म्हणावी लागेल. पुढे २०२३ मध्ये किटोप्रोफेन व असेक्लोफेनॅक या औषधांच्या पशुवैद्यकीय वापरावरही बंदी आली.

बंदीनंतर घसरण मंदावली, परंतु संख्या फारशी वाढली नाही. २०१५ च्या पाहणीनुसार देशात पांढऱ्या पाठीची सुमारे सहा हजार, लांब चोचीची बारा हजार आणि बारीक चोचीची एक हजार गिधाडे उरली होती.

हरियाणातील पिंजोर येथे बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटी व राज्य वनविभाग यांच्या केंद्रात बंदिस्त प्रजनन केले जाते. पहिले अंडे काढून यंत्रात उबवल्यास जोडी त्याच हंगामात दुसरे अंडे घालू शकते. या युक्तीने पिल्लांची संख्या वाढवण्यात आली. महाराष्ट्रात रायगड जिल्ह्यातील फणसाड अभयारण्यात आणि गडचिरोलीत तपासलेली, औषधमुक्त मृत जनावरे गिधाडांसाठी ठेवण्याचे प्रयोग झाले. २०२४ मध्ये पिंजोरची गिधाडे ताडोबा-अंधारी व पेंच व्याघ्र प्रकल्पांत आणण्यात आली. निसर्गात सोडताना त्यांच्या पाठीवर उपग्रह-संदेशक बसवण्यात आले, जेणेकरून ती कोठे उतरतात आणि कोठे खातात, हे कळू शकेल.