नून, जॉर्डन

अमेरिकन अवकाश-अभियंता, उद्योजक व गुंतवणूकदार. लॉस अँजेल्सच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठात शिकत असतानाच विद्यार्थ्यांच्या रॉकेट प्रयोगशाळेत त्यांचा रॉकेट बनवण्यात हात बसला. काही काळ स्पेसएक्समध्ये ड्रॅगन यानाच्या प्रणोदन यंत्रणेवर काम केल्यावर २०१५ मध्ये टिम एलिस यांच्यासोबत त्यांनी रिलेटिव्हिटी स्पेस ही कंपनी काढली व तिचे तंत्रज्ञानप्रमुखपद सांभाळले. जवळजवळ संपूर्ण रॉकेट त्रिमितीय मुद्रणाने घडवायचे, हा त्यांचा धाडसी संकल्प. ‘स्टारगेट’ नावाचा प्रचंड यंत्रहात धातूची तार वितळवून थरावर थर चढवत असे आणि इंधनाची टाकी उभी राहत असे. सुट्या भागांची संख्या व जोडणीचे कष्ट त्यामुळे खूप घटत. मार्च २०२३ मध्ये कंपनीच्या ‘टेरन १’ या रॉकेटने केप कॅनाव्हेरलहून उड्डाण केले. दुसऱ्या टप्प्यातील बिघाडामुळे ते कक्षेत पोहोचले नाही. मात्र मुद्रित सांगाडा उड्डाणातील कमाल वायुगतिक दाबाला पुरून उरला, आणि खरी कसोटी तीच होती. नून तोवर पदावरून दूर झाले होते. २०२० मध्ये त्यांनी जेना ब्रायंट यांच्यासह एम्बेडेड व्हेंचर्स हा गुंतवणूक निधी उभारला. अभियांत्रिकी आरेखनाची संगणकप्रणाली बनवणाऱ्या ‘झू’ (पूर्वीची किटीकॅड) कंपनीचेही ते सहसंस्थापक आहेत.