परळमध्ये सापडलेले जीवनसत्त्व

1928 साली डॉ. लूसी विल्स लंडनहून मुंबईला आल्या. इथल्या गरोदर बायांना एक जीवघेणा रक्तक्षय जडत होता. चेहरा पांढराफटक पडे, चार पावले चालताच धाप लागे आणि बाळंतपणाच्या सुमारास अनेकजणी दगावत. या मृत्यूंच्या चौकशीसाठी डॉ. मार्गारेट बाल्फोर यांनी विल्स यांना बोलावून घेतले आणि परळच्या हाफकिन संस्थेत काम सुरू झाले.

सूक्ष्मदर्शकाखाली या बायांच्या लाल पेशी संख्येने कमी, पण आकाराने अवाजवी मोठ्या दिसत. लोह कमी पडले तर नेमके उलटे होते, पेशी लहान आणि फिकट राहतात. म्हणजे उणीव दुसऱ्याच कशाची तरी होती. विल्स यांनी आधी जंतूंचा माग काढला. तिथे काही लागेना, तेव्हा त्या ताटाकडे वळल्या. तळपदे यांच्या सहकार्याने त्यांनी मुंबईतल्या बायकांच्या आहाराची आणि राहणीची पाहणी केली. ती 1930 साली प्रसिद्ध झाली. सर्वांत निकस अन्न गरीब मुसलमान बायांच्या वाट्याला येत होते आणि हा आजारही त्यांच्यातच सर्वाधिक होता. कोण काय खाते हे घरोघरच्या परिस्थितीसकट विचारणारी ही पाहणी या संशोधनाचा खरा पाया आहे, पण तळपदे हे नाव आज मराठी वाचकालाही ठाऊक नसते.

मग तसाच निकस आहार आधी उंदरांना आणि नंतर माकडांना देऊन पाहिला. रक्तक्षय झालेले माकड मार्माइटने सुधारले. मार्माइट म्हणजे बिअर गाळून उरलेल्या यीस्टचा स्वस्त, काळपट अर्क. तो दिल्यावर आजारी बायाही झपाट्याने सावरल्या. 1931 मध्ये हे निष्कर्ष छापले गेले आणि त्या अनोळखी घटकाला ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले.

1941 साली अमेरिकेत पालकापासून तो वेगळा काढण्यात आला. तेच फॉलिक ॲसिड. 1945 मध्ये लेडर्ले कंपनीत, भीमावरमहून गेलेल्या यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या नेतृत्वाखाली ते कृत्रिमरीत्या तयार झाले.

त्याचे शरीरातले काम मूलभूत आहे. पेशी दुभंगण्याआधी तिला आपल्या डीएनएची दुसरी प्रत करावी लागते आणि तिचा कच्चा माल फॉलिक ॲसिडविना बनत नाही. लाल पेशी जेमतेम 120 दिवस जगते, त्यामुळे अस्थिमज्जेत नव्या पेशी सतत घडत असतात. हे जीवनसत्त्व कमी पडले की तिथली पेशी वाढते, पण दुभंगत नाही. परळमध्ये दिसलेल्या मोठ्या पेशी यातूनच आल्या. गरोदरपणात बाळाचीही भर पडते आणि मागणी आणखी वाढते. मेथी, पालक, चवळी, हरभरा, मूग यांतून ते मिळते. भाजी फार वेळ उकळून पाणी ओतून दिले, तर बरेचसे वाया जाते.

सरकारी दवाखान्यांत गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून जी लाल गोळी मिळते, तिच्यात 60 मिलिग्रॅम लोहाबरोबर 500 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असते. मात्र बाळाच्या मज्जारज्जूची नळी गर्भधारणेनंतर पहिल्या चार आठवड्यांतच मिटते. हे जीवनसत्त्व तिच्यातले दोष टाळते, हे 1991 मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने केलेल्या चाचणीतून सिद्ध झाले. म्हणून डॉक्टर आता दिवस राहण्याच्या आधीपासूनच ते सुरू करायला सांगतात.